व्हिसा मंजूर, पण नाव अर्धवट: व्हिएतनामच्या ई-व्हिसाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एप्रिल २०२४ मधले. कुटुंब नागपूरचे, त्रिमूर्तीनगर भागातले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नावे दिलेली नाहीत. तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण निर्णय त्यांच्यावरच अडून होते.

प्रवासी चौघे. शाळेतून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या शिक्षिका, म्हणजे काकू. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले काका. मिहानमधल्या एका कंपनीत काम करणारी त्यांची मुलगी. आणि अकरा वर्षांची नात. जावयांना रजा नव्हती. व्हिएतनामचा आग्रह काकूंचा होता. दा नांगपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर मी सन नावाचा मंदिरांचा समूह आहे. चंपा राज्यातल्या भद्रवर्मन राजाने चौथ्या शतकात तिथे भद्रेश्वराचे, म्हणजे शिवाचे देऊळ बांधले, आणि पुढची अनेक शतके तिथे मंदिरे उभी राहत गेली. १९९९ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. २०२० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाला तिथे काम करताना वालुकाश्मातले अखंड शिवलिंग सापडले, ती बातमी काकूंनी कापून ठेवली होती. वर्गात ज्याबद्दल बोलत आलो ते एकदा डोळ्यांनी पाहायचे, एवढीच त्यांची इच्छा होती.

तिकिटे फेब्रुवारीत निघाली. ४ मेच्या रात्री मुंबईहून हनोई आणि तिथून देशांतर्गत विमानाने दा नांग. नागपूरची बाजू साधी होती: ३ मेच्या संध्याकाळच्या गाडीने मुंबई.

व्हिएतनामचा पर्यटक व्हिसा ऑनलाइन मिळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा असतो. एकदा प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५० डॉलर. शुल्क परत मिळत नाही. अर्ज आणि शुल्क पोचल्यापासून कामाचे ३ दिवस, असा सरकारी वायदा. वाटेत कंबोडियात जाऊन अंकोर वाट पाहून यावे असे काकांच्या मनात होते. पण एकदा प्रवेशाच्या व्हिसावर देशाबाहेर पाऊल टाकले की तो संपतो, शिवाय कंबोडियाचा व्हिसा वेगळा. तो बेत त्यांनी सोडला आणि एकदा प्रवेशाचा व्हिसा ठरला. हा निर्णय योग्यच होता.

अर्ज मुलीने भरले, मार्चअखेरीस, ऑफिसच्या कामातून वेळ काढून. तिने शोध घेतला तेव्हा सगळ्यात वर जी साइट आली ती तिने उघडली. झेंडा व्हिएतनामचा, मांडणी सरकारी वाटावी अशी. शुल्क माणशी सहा-साडेसहा हजार रुपये. तेव्हाच्या दराने २५ डॉलर म्हणजे सुमारे २,१०० रुपये होते. साइट खासगी मध्यस्थाची होती. आपण माहिती भरायची, मग त्यांचा माणूस ती सरकारी पोर्टलवर चढवणार. हा व्यवहार बेकायदा नाही. आठवड्याभरात चौघांचेही खरेखुरे ई-व्हिसा आले.

अडचण

नागपूरचे मतदान १९ एप्रिलला झाले. त्या गडबडीत प्रवासाची तयारी मागे पडली होती. २२ एप्रिलला, सोमवारी संध्याकाळी, काकू सीताबर्डीत व्हिसाच्या प्रिंट काढायला गेल्या. घरी येऊन त्यांनी चारही कागद आणि चारही पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर मांडले आणि उत्तरपत्रिका तपासावी तसे एकेक अक्षर पाहिले. तीन कागद बिनचूक. चौथ्यावर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या व्हिसावर, पतीचे नाव नव्हते.

आपल्याकडच्या पासपोर्टवर हा प्रकार फार नेहमीचा आहे. आडनाव एका रकान्यात. दुसऱ्या रकान्यात स्वतःचे नाव आणि त्यालाच जोडून वडिलांचे किंवा पतीचे. पासपोर्टच्या दृष्टीने ते दोन्ही मिळून एक नाव. शाळेच्या हजेरीत, दारावरच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत आपण मधले नाव कधी घालतो, कधी गाळतो, आणि त्याने काही अडत नाही. सीमेवर मात्र अडू शकते.

चूक कशी झाली, तेही लवकरच कळले. मध्यस्थाच्या फॉर्ममध्ये दोनच चौकटी होत्या, पहिले नाव आणि आडनाव. सरकारी फॉर्ममध्ये आडनावाची एक चौकट असते आणि दुसरी ‘मधले व दिलेले नाव’ अशी असते. तिथे मधल्या नावाची आठवण आपोआप होते. स्वतःचा, नातीचा आणि काकांचा अर्ज मुलीने पासपोर्ट समोर उघडून भरला, त्यामुळे ती तिन्ही नावे पूर्ण आली. काकूंचा पासपोर्ट तेव्हा बँकेच्या लॉकरमध्ये होता. फोनमध्ये त्याचा फोटो होता, तो तिने जोडला. पण नाव मात्र विमानाच्या तिकिटावरून उतरवले. तिकिटावर मधले नाव नव्हते. म्हणजे तिकीट आणि व्हिसा एकमेकांशी तंतोतंत जुळत होते आणि दोन्ही पासपोर्टशी जुळत नव्हते. एवढे दिवस कुणालाच शंका आली नाही, ती यामुळे.

अर्जाला पासपोर्टचा फोटो जोडलेला असताना मंजुरी मिळाली कशी, असे काकांनी मला विचारले. मी नागपुरात लोकांना पासपोर्ट आणि व्हिसाचे अर्ज भरायला मदत करते, आणि हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. मंजुरी म्हणजे तुमच्या प्रवेशाला हरकत नाही. त्या कागदावरचे नाव तेच छापले जाते जे अर्जात लिहिले. ते बरोबर लिहिण्याची जबाबदारी अर्जदाराची, आणि पोर्टलवरही अर्जदाराकडून तसे कबूल करून घेतलेले असते.

मुलीचे म्हणणे वेगळे होते. “आई, पासपोर्ट नंबर बरोबर आहे, जन्मतारीख बरोबर आहे, फोटो तुझाच आहे. मग कशाला एवढं टेन्शन घेऊन राहिली तू?” तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. अशा कागदावर हनोईत प्रवेश मिळालेले लोक आहेत. पण पहिली तपासणी हनोईत होत नाही, मुंबईच्या काउंटरवर होते. प्रवाशाला दुसऱ्या देशाने प्रवेश नाकारला तर त्याला परत आणण्याचा भार विमान कंपनीवर पडतो, अनेक देशांत वर दंडही होतो. म्हणून काउंटरवरचे कर्मचारी आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या टिमॅटिक या माहितीसंचावर त्या देशाचे नियम पाहतात आणि पासपोर्टशी व्हिसा ताडून बघतात. त्यांना शंका आली की ते धोका पत्करत नाहीत. रात्री अकरा वाजता त्या काउंटरवर वाद घालून काहीही साधत नाही.

वेळेचे गणित

इथे पंचांग आडवे आले. व्हिएतनाममध्ये ३० एप्रिल हा एकीकरण दिन आणि १ मे कामगार दिन. त्या वर्षी त्यांच्या सरकारने २९ एप्रिलचा सोमवारही सुट्टीचा केला आणि त्याची भरपाई ४ मेच्या शनिवारी काम करून ठेवली. म्हणजे २७ एप्रिल ते १ मे अशी सलग पाच दिवस सगळी सरकारी कामे बंद. हातात उरले २३ ते २६ एप्रिल, कामाचे चार दिवस. आणि सुट्टीनंतर २ व ३ मे. विमान ४ मेला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आहे तसेच जाणे. खर्च शून्य, पण धोका सगळा काकूंच्या एकटीच्या डोक्यावर. काउंटरवर अडवले तर उरलेल्या तिघांनी काय करायचे, हा प्रश्न कुणालाच सुटत नव्हता.

दुसरा, मध्यस्थाकडून दुरुस्ती करून घेणे. मुलीने त्यांना लगेच लिहिले. उत्तर आले की मंजूर झालेल्या व्हिसात बदल होत नाही, नवा अर्ज करावा लागेल, आणि त्यासाठी त्यांचे पूर्ण शुल्क पुन्हा द्यावे लागेल. पहिले निम्मे खरे होते.

तिसरा, मुंबईतल्या व्हिएतनामच्या वाणिज्य दूतावासातून पासपोर्टवर चिकटवायचा व्हिसा घेणे. काकांना हा मार्ग पटत होता, कारण त्यात माणसाशी समोरासमोर बोलता येते. विदर्भ एक्सप्रेसने रात्रीतून मुंबई गाठता येईल, हेही खरे. पण तिथेही लगेच हातात व्हिसा पडेल अशी खात्री नव्हती, पासपोर्ट तिथेच अडकून राहिला असता, आणि ३० एप्रिल व १ मेला तेही कार्यालय बंद. आपल्याकडेही १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन. हा पर्याय वगळण्यात आला.

चौथा, तातडीचा एजंट. एका परिचिताने व्हॉट्सॲपवर एक नंबर दिला. ‘चार तासांत व्हिसा, सुट्टी असली तरी’ अशी हमी आणि किंमत सरकारी शुल्काच्या कितीतरी पट. असे काम खरोखर करून देणारे लोक हनोईत आहेत, हे मला माहीत आहे. पण ते शेवटी त्याच खात्याकडे जातात, आणि आपण पाठवलेला पासपोर्ट त्यांच्याकडे कुठे कुठे फिरतो हे आपल्याला कळत नाही. त्या माणसाने कंपनीचे नाव विचारल्यावर उत्तर दिले नाही. माझे मत स्पष्ट होते: हा मार्ग आज नाही, फार तर २ मेला, तोही दुसरा भरवशाचा माणूस सापडला तर.

पाचवा, सरकारी पोर्टलवर स्वतः नवा अर्ज. खर्च २५ डॉलर. धोका दोन प्रकारचा: वेळ पुरेल की नाही, आणि जुना व्हिसा चालू असताना त्याच पासपोर्टवरचा दुसरा अर्ज घेतला जाईल की नाही. दुसऱ्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर त्या रात्री कुणाकडून मिळणार नव्हते. पण हा अर्ज करून इतर कुठलाच दरवाजा बंद होत नव्हता. गेले तर २,१०० रुपये जाणार होते, बाकी काही नाही. माझ्या मते या प्रकरणातला कळीचा निर्णय हाच होता, आणि तो काकूंनी घेतला. “पाचही वाटांपैकी ही एकच अशी आहे की चुकली तरी बाकीच्या चार तशाच राहतात,” असे त्या म्हणाल्या.

काय केले

अर्ज त्याच रात्री भरायला बसलो. आधी पत्ता पाहिला. सरकारी पोर्टलच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ असते, ते नसेल तर साइट सरकारी नाही. (तेव्हाचा पत्ता लांबलचक होता; आता तो ‘ईव्हिसा डॉट गव्ह डॉट व्हीएन’ असा सुटसुटीत आहे.)

नाव लिहिताना पासपोर्टचे वरचे रकाने न बघता तळाच्या दोन ओळी बघितल्या. प्रत्येकी ४४ अक्षरांच्या या ओळी यंत्राने वाचण्यासाठी असतात आणि त्यांची रचना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकाने ठरलेली आहे. आधी आडनाव, मग दोन बाणांच्या खुणा, मग दिलेली नावे. विमानतळावरचे यंत्र हेच वाचते. तिथे जे आहे ते, त्याच क्रमाने, तेवढेच. काकूंनी स्वतः एकेक अक्षर मोठ्याने वाचले आणि मुलीने टंकले.

प्रवेशाची तारीख ५ मे टाकली, कारण ४ मेच्या रात्री निघालेले विमान दुसऱ्या दिवशी उतरते. तारखेआधी उतरता येत नाही, पण नंतर चालते. प्रवेशाचे ठिकाण नोई बाय, म्हणजे हनोईचा विमानतळ. बाकी धर्म, व्यवसाय, तातडीचा संपर्क, पहिल्या मुक्कामाच्या हॉटेलचा पत्ता हे सगळे विचारले जाते, त्यात अडचण आली नाही. फोटो मात्र नव्याने काढावा लागला: पांढऱ्या भिंतीसमोर, समोरून, चष्म्याशिवाय. काकूंचा आधीचा फोटो चष्म्यातला होता.

पैसे भरताना कार्ड नाकारले गेले. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमाने नव्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार आपोआप सुरू नसतात, ते खातेदाराने सुरू करावे लागतात. मुलीने बँकेच्या ॲपमधून ते सुरू केले आणि दुसऱ्या प्रयत्नात शुल्क गेले. तेव्हा आपल्याकडे अकराच्या पुढे वाजले होते. हनोईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे तिथे मंगळवार लागला होता. नोंदणी क्रमांक कागदावर लिहून ठेवला. स्थिती पाहायला तो क्रमांक, ईमेल आणि जन्मतारीख लागते.

दुसऱ्या दिवशी तिकिटाकडे वळलो. तिकिटावर मधले नाव नसणे बहुतेक कंपन्या चालवून घेतात, पण अर्ध्या कामात समाधान मानायला काकू तयार नव्हत्या. मुलीने विमान कंपनीला पासपोर्टची प्रत पाठवली. त्यांनी नाव पासपोर्टप्रमाणे करून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

मग वाट पाहणे. मंगळवार, बुधवार, गुरुवार, स्थिती तीच: ‘प्रक्रियेत’. गुरुवारी रात्री काकांचा धीर सुटत चालला होता. “त्या एजंटला देऊन टाकू पैसे, आणखी किती दिवस पाहत बसायचं बाप्पा?” मी त्यांना एकच विनंती केली, आधी एक वेळ ठरवू या. शुक्रवारी हनोईचे कार्यालय पाचला बंद होणार, म्हणजे आपल्याकडे साडेतीनला. तोवर काही झाले नाही तर त्या दिवशी कुणालाच पैसे द्यायचे नाहीत, कारण पुढचे पाच दिवस खाते बंद असताना घेतलेली हमी पोकळच असणार. थेट २ मेला सकाळी पुढचे पाऊल. दोन्ही वेळी व्हिसा आला नाही तर विमान पुढे ढकलायचे. तारीख बदलण्याचा खर्च मुलीने आधीच विचारून ठेवला होता. हे तिन्ही टप्पे कागदावर लिहिल्यावर घरातला ताण बराच उतरला.

निष्पत्ती

शुक्रवारी, २६ एप्रिलला, दुपारी तीनच्या सुमारास स्थिती बदलली. व्हिसा मंजूर, नाव पूर्ण, पतीच्या नावासकट.

मुंबईच्या काउंटरवर कर्मचाऱ्याने चारही व्हिसा पासपोर्टशेजारी ठेवून नावावरून बोट फिरवत वाचले. काकूंकडे नव्या व्हिसाच्या दोन प्रती होत्या. जुना त्यांनी सोबत घेतलाच नाही. हनोईत अधिकाऱ्याने कागद पाहिला आणि शिक्का मारला, प्रश्न एकही नाही.

पैशांचा हिशेब असा: मध्यस्थाने चौघांचे मिळून घेतलेले सुमारे २६,००० रुपये, ज्याचे सरकारी शुल्क ८,४०० च्या आसपास झाले असते, त्यावर काकूंच्या नव्या अर्जाचे २,१०० आणि बँकेचा परकीय चलनाचा आकार. मध्यस्थाकडे परतावा मागितला, तो मिळाला नाही. त्यांच्या अटींत तसे लिहिलेले होते.

वेगळे काय करता आले असते

मध्यस्थ साइट हे मूळ कारण, असे मुलीला वाटते. मला ते अर्धेच पटते. जादा पैसे गेले ते तिथे. पण नाव गळले ते पासपोर्ट हातात नसताना अर्ज भरल्यामुळे. सरकारी पोर्टलवरही तिकिटावरूनच नाव उतरवले असते तर हेच झाले असते. मध्यस्थामुळे झालेले खरे नुकसान दुसरेच आहे: सरकारी फॉर्मचा शेवटचा तपासणीचा पडदा, जिथे पैसे भरण्याआधी सगळी माहिती एकत्र दिसते, तो कुटुंबाला कधी दिसलाच नाही. वयस्कर माणसाला फॉर्म जड जात असेल तर मदत जरूर घ्यावी, पैसे देऊनही घ्यावी. पण पैसे भरण्याआधी त्या पडद्याचा फोटो मागावा. न देणाऱ्याकडे काम देऊ नये.

मुळात तिकीट काढतानाच पासपोर्ट समोर असता तर पुढची साखळी सुरूच झाली नसती. घरातले पासपोर्ट लॉकरमध्ये असणे चांगलेच, पण प्रवास ठरला त्या दिवशी ते बाहेर यायला हवेत.

मंजुरी आली तेव्हा, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला, कागद तपासला असता तर महिना हातात होता. काकूंनी जे २२ तारखेला केले ते ईमेल आल्या दिवशी करायला दहा मिनिटे पुरली असती. आणि अर्ज करण्याआधी त्या देशाच्या सुट्ट्या पाहाव्यात. व्हिएतनामला तेतच्या नववर्षात, एप्रिलअखेरीस आणि २ सप्टेंबरच्या राष्ट्रीय दिनाच्या आसपास ‘कामाचे ३ दिवस’ सहज आठवड्यावर जातात.

ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे त्यांनी तर अधिकच सावध राहावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारण्याचा नियम केला, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांचे बेत अडले होते. अशांनी तिकीट काढण्याआधी पासपोर्ट सेवा केंद्रातून आडनाव नोंदवून पासपोर्ट नव्याने काढून घ्यावा. त्याला वेळ लागतो, पण तो वेळ घरी बसून जातो, विमानतळावर नाही.

काकूंच्या नातीने प्रवासानंतर एक काम केले: घरातल्या सगळ्यांच्या पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळी एका वहीत उतरवल्या, मुदत संपण्याच्या तारखांसकट. पुढचे तिकीट त्या वहीवरून निघेल, असे मुलगी म्हणते. मी तिला सांगितले, वही ठेवा, पण तिकिटाच्या दिवशी पासपोर्टच उघडा.